डोंगराची सॅक आणि अव्वांची डबी

नऊ वर्षांपूर्वी मुलीच्या शाळेनं येडशीजवळ रामलिंगच्या अभयारण्यात दोन दिवसांचं शिबिर काढलं होतं. सोबत आणायच्या सामानाच्या यादीत 'पाठीवरची मोठी सॅक' असं लिहिलेलं होतं. आमच्या घरात पाठीवर घ्यायची मोठी वस्तू एकच होती, फवारणीचा पंप. म्हणून उमरग्याला जाऊन हायवेच्या कडेच्या एका दुकानातून सॅक घेतली. राखाडी रंगाची, नारिंगी पट्ट्यांची. दुकानात टांगलेल्यांपैकी सगळ्यात स्वस्त तीच होती.

"हिमालयात चालते ही, ताई," दुकानदार म्हणाला.

"रामलिंगपर्यंत चालली तरी बास," मी म्हणाले.

कंपनीचं नाव मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं आणि नंतरही कुठं ऐकलं नाही. मुलीनं ती दोन दिवस वापरली आणि घरी येऊन कोपऱ्यात टाकली. "ही घेऊन मी क्लासला गेले तर पोरी विचारतील, तंबू कुठाय?" तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. सॅक तिच्या डोक्याच्या वर दिसायची.

मग ती मी उचलली. आमचं दुकान पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं. गाव उमरग्यापासून पंधरा किलोमीटर, कर्नाटकच्या सरहद्दीकडचं. मोटारीचं वाइंडिंग आमचे हे करतात, कारण त्यांचा हात स्थिर आहे. गिऱ्हाइकाशी बोलणं आणि सामान आणणं माझ्याकडं, कारण माझं तोंड स्थिर नाही, असं ते म्हणतात. आठवड्यातून एकदा मी एसटीनं उमरग्याला जाते आणि बेरिंग, तांब्याची तार, सील, बुश असलं सामान घेऊन येते. आधी दोन हातांत दोन कापडी पिशव्या असायच्या. बेरिंग दिसायला लहान, पण दहा-बारा एका पिशवीत टाकले की पिशवीचे बंद बोटांत रुततात. बसमध्ये चढताना दांडा धरायला हात मोकळा नसायचा. एकदा पायरीवरून घसरले, तेव्हा गुडघ्याच्या आधी बेरिंग वाचवले, आणि घरी आल्यावर सॅक कोपऱ्यातून काढली.

पहिल्या दिवशी कंडक्टर म्हणाला, "मॅडम, आत सिलेंडर हाय का काय?" स्टँडवरच्या चहावाल्यानं विचारलं, "वहिनी, कोणता किल्ला?" हे सगळं महिनाभर चाललं. मग त्यांना सवय झाली आणि मला दोन मोकळे हात मिळाले.

सवय झाली नाही ती फक्त अव्वांना. अव्वा म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांचं माहेर आळंदच्या बाजूचं, त्यामुळं रागावल्या की निम्मं कानडी. त्यांचा मुद्दा साधा होता.

"बाईमाणसानं वझं डोस्क्यावर घ्यावं, न्हाईतर कडंवर. पाठीवर वझं गाढव घेतंय."

"गाढवाची मान कधी दुखलेली ऐकली का, अव्वा?"

"गाढव उलटं बोलत न्हाई," त्या म्हणाल्या.

स्वस्त वस्तू नऊ वर्षं वापरायची म्हणजे तिची खोड ओळखून वापरायची. तिसऱ्या वर्षी मोठ्या चेनचा रनर गेला, तो बदलला. चौथ्या वर्षी आतला पाणी अडवणारा थर सोलपटायला लागला आणि प्रत्येक वस्तूवर पांढरा भुगा दिसायला लागला. मी सॅक उलटी करून ओल्या फडक्यानं सगळा थर घासून काढला आणि तेव्हापासून पावसाळ्यात आत खताच्या गोणीतली प्लास्टिकची पिशवी घालते. तळ दोनदा फाटला. दुसऱ्या वेळी तिथं जुन्या ताडपत्रीचा दुहेरी तुकडा शिवून घेतला, तो अजून आहे. खांद्याच्या पट्ट्यांतला फोम बसून पापडासारखा झाला. कमरेचा पट्टा मात्र पहिल्यापासून चांगला. तो आवळून बांधला की वजन खांद्यांवरून उतरून कमरेवर येतं, हे मला दुकानदारानं सांगितलं नव्हतं. दोन वर्षांनी कळलं. तोपर्यंत तो पट्टा मी शोभेचा समजत होते.

तसाच तो आतला कप्पा. पाठीला लागून एक पातळ, उभा, वरून उघडा कप्पा आहे. तो डोंगर चढणारे लोक पाण्याची रबरी पिशवी ठेवायला वापरतात, असं मुलीनं मोबाइलवर बघून सांगितलं. मी त्यात लोखंडी पट्टी आणि गॅस्केटचे कागद ठेवत होते. नंतर पाठीच्या घामानं कागद ओलसर होतात म्हणून दोन्ही दुसरीकडं हलवलं, आणि तो कप्पा रिकामाच राहिला. सगळ्या सॅकमध्ये ग्रीस न लागलेली तेवढी एकच जागा.

गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या सुरुवातीला अव्वा ओसरीच्या पायरीवरून पडल्या. उजवा खांदा सुजला, हात वर जाईना. दोन दिवस हळद लावली. तिसऱ्या दिवशी मी म्हणाले, आता फोटो काढायचा. ह्यांच्याकडं चार मोटारी खोलून पडल्या होत्या आणि शेतकरी दारात बसले होते, त्यामुळं न्यायचं माझ्याकडंच आलं. सॅकमध्ये भाकरी, शेंगाची चटणी, दही, पाण्याची बाटली, अव्वांची शाल आणि जुने कागद भरले. आणि नेहमीच्या कप्प्यात नेहमीची हत्यारं होतीच, ती काढायला वेळ नव्हता.

दवाखाना उमरग्यात, हायवेलगत. सकाळी दहालाच बाकं भरली होती. डॉक्टरांनी खांदा आणि छाती दोन्हींचा एक्स-रे सांगितला. एक्स-रेच्या खोलीबाहेर एक मुलगी चिठ्ठ्या घेत होती. ती म्हणाली, "आजी, गळ्यातलं सगळं काढून ठेवा. फोटोत येतंय."

अव्वांच्या गळ्यात दोरा आणि दोऱ्यात लिंबाएवढी चांदीची डबी. डबीत इष्टलिंग, अंगावर बाळगायचं छोटं शिवलिंग. आमच्यात ते जन्मल्यावरच बांधतात. अव्वांना त्या पाळण्यात असताना त्यांच्या माहेरच्या स्वामींनी बांधलं होतं, आणि पंच्याहत्तर वर्षांत ते पूजेपुरतं तळहातावर येण्याखेरीज अंगावरून उतरलेलं नव्हतं. लिंग अंगावर नसताना त्या पाणीसुद्धा घेत नाहीत. शेवटी वर जाताना सोबत तेवढंच न्यायचं, असं त्या सहज, प्रवासाची तयारी सांगावी तसं सांगतात. माझं लिंग देवघरात असतं. दुकानात ग्रीस, धूळ आणि करंट यांच्यात गळ्यात घालून वावरणं मला जमत नाही. यावरून अव्वांनी मला वीस वर्षं टोमणे मारले आहेत आणि मी ते ऐकून घेतले आहेत.

अव्वांनी डबी मुठीत धरली. मुलगी सरहद्दीकडचीच असावी. तिनं कानडीत दोन वाक्यं बोलून समजावलं. मग अव्वांनी डबी उतरवली, स्वतःच्या धुतलेल्या रुमालात चार घड्यांत बांधली आणि माझ्या हातात दिली.

"हातातच धर. खाली ठिवू नको. मी भाईर आले की दे."

"धरते," मी म्हणाले.

नंबर लांब होता. अव्वांना आतल्या बाकावर बसवून घेतलं, मी दारात उभी. तेवढ्यात ह्यांचा फोन आला. एका मोटारीचा बेरिंग गेला होता, तसा दुसरा गावात नव्हता, आणि ज्याची मोटार होती त्याचा ऊस वाळत होता. स्पेअर पार्टचं दुकान बरोबर समोर, हायवेच्या पलीकडं. दहा मिनिटांचं काम. एक्स-रेच्या मुलीला विचारलं, अजून किती? ती म्हणाली, पाच जण आहेत. मी गेले.

एका हातात रुमालाची पुरचुंडी, एका खांद्यावर सॅक, मधून ट्रक. दुकानात बेरिंग हातात आले आणि पंचाईत झाली. बेरिंग न तपासता मी घेत नाही. एका हातानं आतली रिंग धरायची, दुसऱ्यानं बाहेरची फिरवायची, कानाजवळ न्यायची. घरघर आली की परत. त्याला दोन हात लागतात. पुरचुंडी काउंटरवर ठेवायची नाही, कारण खाली ठेवू नको म्हणून सांगितलं होतं. स्वतःच्या गळ्यात अडकवावी तर दुसऱ्याचं लिंग आपल्या गळ्यात कसं घालायचं? लिंग गळ्यात न घालणाऱ्या मला ही शंका त्या वेळी यावी, याचं मला अजून नवल वाटतं. बाकीच्या कप्प्यांत ग्रीस. मग आठवला तो पाठीजवळचा स्वच्छ कप्पा. तिथं ठेवली. दोन बेरिंग तपासून घेतले, सॅक खांद्यावर टाकली आणि परत आले.

अव्वा बाहेर आल्या तेव्हा आधी त्यांचा डावा हातच पुढं आला.

मी कप्प्यात हात घातला. कप्पा रिकामा.

कोपरापर्यंत हात घालून चाचपलं. मग सॅक बाकावर उलटी केली. बेरिंग, तारेचं वेटोळं, पक्कड, कटर, पट्टी, भाकरीचं गाठोडं, शाल, कागद, बाटली. बाकावरची माणसं सरकून बसली. अव्वांनी भाकरीचं गाठोडं बेरिंगांपासून बाजूला ओढलं.

"कुठं ठिवलंस?"

"सॅकमध्ये, अव्वा. आत, स्वच्छ जागा बघून."

"हातात धर म्हनले होते."

"बेरिंग आणायला पलीकडं गेले होते. दोन्ही हात लागले."

खोटं सांगता आलं असतं. पण अव्वांना खोटं सांगून मला आजवर एकदाही फायदा झालेला नाही. "बेरिंग," एवढंच म्हणाल्या आणि बाकावर भिंतीला टेकून बसल्या.

मी रिकामी सॅक हातात घेऊन पलीकडं पळाले. स्पेअर पार्टवाल्यानं काउंटरखाली, खोक्यांत, पायपुसण्याखाली सगळं बघितलं. त्याच्या पोत्यांमागंही बघितलं. मग मी रस्त्याच्या कडेनं खाली मान घालून चालत आले. गुटख्याच्या पुड्या, टायरचे तुकडे, एक चप्पल. पुन्हा गेले, पुन्हा आले. चांदी आहे, कुणी उचलली असेल, हा विचार यायला लागला. डबीचं काही नव्हतं. आतलं काय करणार होता तो माणूस, आणि अव्वा काय करणार होत्या.

दीड वाजत आला. अव्वांनी सकाळी साखरेची गोळी घेतलेली, आणि सहा वाजल्यापासून पोटात काही नाही. एक्स-रेची मुलगी बाहेर आली. फोटो चांगला आलाय म्हणाली, हाड मोडलेलं दिसत नाही, डॉक्टर बघतील. मग तिनं अव्वांचं तोंड बघितलं आणि मला म्हणाली, "यांना काहीतरी खायला द्या आधी."

"अव्वा, दोन घोट पाणी तरी," मी म्हणाले.

"न्हाई."

"साखर उतरली तर इथंच पडाल."

"दवाखाना हाय की," त्या म्हणाल्या. "पडले तर इथं पडलेलं बरं."

ओठ वाळले होते, कपाळावर घाम होता, आवाज मात्र नेहमीसारखाच. मी आमच्या मठात फोन लावला. स्वामींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, वय झालंय, मनात पूजा करून पाणी घेऊ द्या, दुसरं लिंग आपण देऊ. मी फोन अव्वांच्या कानाला लावला. अव्वांनी ऐकलं, 'व्हय स्वामी, व्हय' म्हणाल्या, फोन मला दिला आणि हात पुन्हा मांडीवर ठेवला. पाण्याच्या बाटलीकडं बघितलंसुद्धा नाही.

"स्वामी म्हणाले ना, घ्या म्हणून?"

"त्यांनी त्यांचं सांगितलं. मी माझं करायलेय."

मग मी ठरवलं, अजून एकदा शेवटचं बघायचं. आणि या वेळी स्टँडपर्यंत जायचं, रिक्षावाल्यांना, हातगाडीवाल्यांना विचारायचं. सामान बाकावर पसरून जाता येत नव्हतं. सगळं पुन्हा सॅकमध्ये भरलं, पाठीवर टाकलं, दोन्ही पट्ट्यांत हात घातले आणि कमरेचा पट्टा आवळला. तसंच सवयीनं.

पट्टा आवळला आणि डाव्या बाजूला, कमरेच्या जरा वर, काहीतरी टोचलं.

नऊ वर्षं ती सॅक माझ्या पाठीवर आहे. कुठं फोम बसलाय, कुठं शिवण फुगलीय, कुठला बेरिंग कसा लागतो, हे मला डोळ्यांपेक्षा पाठीनं जास्त माहीत आहे. ते टोचणं तिथलं नव्हतं. आतल्या सामानाचं असतं तर हलल्यावर सरकलं असतं. हे पाठीच्या आणि सामानाच्या मध्ये होतं, फोमच्या आत.

सॅक उतरवली. त्या पातळ कप्प्यात पुन्हा हात घातला आणि या वेळी तळाची शिवण बोटांनी टोकापासून टोकापर्यंत चाचपत गेले. एका कोपऱ्यात चार बोटं उसवलेली होती. आधी कितीतरी दिवस तिथं लोखंडी पट्टी उभी ठेवत होते, तिनंच ती कापली असणार. पुरचुंडी त्यातून खाली, पाठीच्या फोममध्ये उतरली होती, आणि दिवसभर मी सॅक एका खांद्यावर नाहीतर हातात धरून पळत होते. वजन भरून पट्टा आवळेपर्यंत ती माझ्या पाठीला लागलीच नव्हती.

भोकातून हात जाईना. बोटाला दोरा लागत होता, डबी येत नव्हती. तार तोडायचं कटर काढलं. तेही जाड, कापडाला बोथट. एक्स-रेच्या मुलीकडून बँडेज कापायची कात्री मागून घेतली आणि पाठीकडचं कापड एका टोकाकडून दुसरीकडं फाडत नेलं. बाकावरचा एक म्हातारा म्हणाला, "आवं बाई, चांगली पिशवी हाय की."

"होती," मी म्हणाले.

आतून फोमचा चुरा निघाला, माझ्या मुलीची एक केसांची पिन निघाली, एसटीची दोन तिकिटं निघाली आणि मग रुमाल. चार घड्या तशाच होत्या. मी रुमाल न सोडता अव्वांच्या डाव्या तळहातावर ठेवला.

त्यांनी मला पाणी हातावर घालायला लावलं. मग भिंतीकडं तोंड करून बसल्या, डबी उघडली, लिंग तळहातावर घेतलं. कनवटीच्या पिशवीतलं भस्म लावलं, पुटपुटल्या. दोन-तीन मिनिटंच. बाकावरची माणसं आपापसांत बोलत होती, ती त्या वेळात जरा हळू बोलली. एक्स-रेच्या मुलीनं पुढचा नंबर पुकारला नाही. नंतर अव्वांनी डबी मिटली, दोरा गळ्यात घातला, पदर सारखा केला आणि हात पुढं केला. बाटली अर्धी संपवली.

"भाकर काढ," म्हणाल्या. "तू बी खा. सकाळपास्नं पळायलीस."

दह्यात भाकरी कुस्करून दोघींनी खाल्ली. त्यांची एक, माझ्या दोन. चटणीला मीठ जास्त झालंय, हे त्यांनी तेव्हाही सांगितलं. डॉक्टर म्हणाले, मुका मार आहे, पंधरा दिवस हात गळ्यात बांधा.

फाटलेली सॅक पाठीवर घेता येईना. स्टँडवर एका गड्याकडून सुतळी घेऊन बांधली आणि मांडीवर ठेवून चारच्या बसनं निघालो. बसमध्ये अव्वा खिडकीकडं. मी वाट बघत होते. वीस वर्षांचे टोमणे त्या क्षणासाठी तयारच असणार, आणि त्यातला एकही मला खोडता येणार नव्हता. घरी गेल्यावर आधी त्यांच्या मुलासमोर, मग शेजारी, मग मठात. सून सासूचं लिंग पिशवीत टाकून बेरिंग घ्यायला गेली, हे आमच्याकडं लोक विसरत नाहीत. अव्वा सरहद्दीकडच्या शेतांकडं बघत बसल्या आणि गाव येईपर्यंत ऊस कुणाचा, तूर कुणाची, एवढंच बोलल्या.

दुकानात दिवा लागला होता. आमचे हे बाहेर आले, आईचा हात बघितला, फाटकी सॅक बघितली.

"एवढा उशीर? आणि ह्याला काय झालं?"

मी तोंड उघडलं. अव्वांनी मला बोलू दिलं नाही.

"दवाखान्यात गर्दी लई होती," त्या म्हणाल्या. "ती पिशवी कुठंतरी अडकून फाटली. आन् तुझं बेरिंग आनायला तिलाच कशापायी पळावं लागतंय रे? तुला काय मेंदी लागलीया?"

आमचे हे बेरिंग घेऊन गुपचूप आत गेले. अव्वा ओसरीवर चढल्या, या वेळी पायरी बघून. सॅक मी दुसऱ्या दिवशी मशीनवर जाड दोऱ्यानं शिवली, तो कप्पा मात्र पुरता शिवून बंद केला. पाठीला आता डावीकडं एक नवी गाठ लागते. अव्वांनी ती गोष्ट आजपर्यंत कुणाला सांगितलेली नाही, मलासुद्धा कधी ऐकवलेली नाही.